चेअरमनचं लॉगिन, नंबर एक

चेअरमन आप्पांचा ऊस तोडणीच्या यादीत पहिल्या नंबरावरून थेट शेवटी गेला होता. आणि त्या बदलाला मंजुरी मिळाली होती खुद्द आप्पांच्याच लॉगिनवरून. आप्पा मात्र त्या वेळी यवतला एका लग्नात जेवत होते.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. दौंडकडच्या एका साखर कारखान्याला मी सॉफ्टवेअर करून दिलं होतं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी त्यातून निघायची. तोडणी लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. त्यामुळे यादीतल्या नंबरासाठी भाऊ भावाला ओळखत नाही.

"माझा पासवर्ड कुणी चोरला?" आप्पा गरजले. "सांजच्यापर्यंत सांगा, न्हाईतर तुमचा काँप्युटर उचला आन् पुण्याला जावा."

माझं हे पहिलंच काम. दुपारपर्यंत शोधलं, पासवर्ड चोरीला गेलाच नव्हता. शेवटी शेतकी ऑफिसचे हेडक्लार्क शेखमामा चष्मा पुसत म्हणाले, "म्याच केलं की ते. आप्पांच्या उसाची लागण सगळ्यात उशिराची हाय. नियमानं तोडणी शेवटीच यायला पायजे."

"पण त्यांच्या लॉगिनमध्ये तुम्ही शिरलात कसे?"

"माझ्या पासवर्डनं आत गेलो की स्क्रीनवर वरच्या पट्टीत पत्ता दिसतो, त्यात माझा नंबर हाय, सत्तावीस. तो खोडून एक टाकला. ह्या कारखान्यात एक नंबर दुसऱ्या कुणाचा असणार?"

मी कपाळाला हात लावला. लॉगिनचा भाग मी एका तयार सॉफ्टवेअर किटमधून जसाच्या तसा उचलला होता. ते दारात पासवर्ड विचारायचं. आत आलेला माणूस मग स्वतःला चेअरमन म्हणाला, तर तेही मान डोलवायचं. आणि हे मला नाही, एका बोटानं टाइप करणाऱ्या मामांना कळलं!

आम्ही दोघं आप्पांपुढे उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. आप्पा तोंड उघडणार, तोच मांडवगण फराटा गावचे दहा-बारा सभासद शाल-नारळ घेऊन आत शिरले. त्यांनी बाहेर फलकावर लागलेली यादी वाचली होती.

"आप्पा, सोताचा ऊस शेवटी ठेवणारा चेअरमन पहिल्यांदाच बघितला!"

आप्पांनी शाल घेतली. हसलेही. लोक गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढं भोक बुजवा. यादीला हात लावू नका."

माझं काम वाचलं. भोक बुजवायला चार ओळी पुरल्या. दारात नाव विचारून भागत नाही, आत प्रत्येक खोलीपाशी पुन्हा विचारावं लागतं, एवढं मी त्यातून शिकलो.

दुरुस्ती तपासायला मामांनाच बसवलं. त्यांनी अर्धा तास सगळे नंबर टाकून पाहिले आणि उठले.

"बिघडवलंत," म्हणाले. "आता चूक दिसली तरी सुधारता येत न्हाई."