ऑपरेशनआधीचे आभार

वॉर्डात नाश्ता वाटला, तेव्हा पप्पांनी सवयीने डोळे मिटून हात जोडले. त्या सकाळी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांना पाणीही बंद होतं.

"पप्पा, तुम्हाला आज खायचं नाहीये," मी हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे गं. पण आभार मानायला ताट कशाला लागतं?"

शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "भाऊ, माझ्या उपम्यासाठीपण माना. मीठच नाही त्यात!"

पप्पा हसले आणि त्यांनी खरंच काकांसाठी प्रार्थना केली.

मी मात्र पहाटेपासून एकच मागत होते, पप्पा परत यावेत. काहीही झालं तरी त्यांची तयारी होती. माझी नव्हती, बहुधा अजूनही नाही. स्ट्रेचर आत गेलं. मी पुन्हा मागायला डोळे मिटले, पण ओठांवर आलं ते एवढंच, "प्रभू, तू मला हे पप्पा दिलेस."