ड्रॉ पण चालेल

“काय काका, कसे आहात?” असं विचारलं की काका दोन मुठी समोर आणायचे, एकमेकींवर हलकेच टेकवायचे आणि म्हणायचे, “ड्रॉ.” चेहऱ्यावर ना हसू, ना रडू. पेनरोजच्या आमच्या मालाच्या डेपोत सगळ्यांनीच ती खूण उचलली होती. ट्रक उशिरा आला, ड्रॉ. फोर्कलिफ्ट बंद पडली, ड्रॉ. मॅनेजरसुद्धा सकाळी “किया ओरा”, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून झालं की मुठी टेकवायचा. या रग्बीवेड्या देशात ती खूण रशियातल्या फुटबॉलमधून आलीय, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मी डिस्पॅचच्या ऑफिसात आणि काका फ्रीझरमध्ये, म्हणजे मटार आणि आइस्क्रीम ठेवायच्या भल्यामोठ्या खोलीत, जाड निळं जॅकेट चढवून. मूळचे मिरजेचे. तरुणपणी औषधांच्या कंपनीतर्फे रशियातल्या एका गावी गेले, तिथलीच मुलगी केली, पुढे दोघं इकडे आले. मूलबाळ नाही. मी डेपोत लागले तेव्हा काकूंना जाऊन फार दिवस झाले नव्हते. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, माझ्या डब्यातली अर्धी पोळीभाजी त्यांची आणि त्यांचं अख्खं फुटबॉल माझं. खरं सांगते, ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून कळत नाही.

सोमवारी शिफ्टच्या आधी काका कार पार्कमध्ये गाडीतच बसलेले असायचे. फोन कानाला आणि रशियनमध्ये आरडाओरडा. आमचा सोमवार उजाडायचा तेव्हा तिथे रविवारची मॅच संपलेली असायची.

“सकाळी सकाळी कुणाशी भांडता हो एवढं?” मी एकदा विचारलं.

“सासऱ्याशी.”

मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, “ही दर सोमवारी वडिलांना फोन करायची. ती गेल्यावरच्या सोमवारी मी केला. काय बोलणार गं? त्याची पोर गेलेली, माझी बायको. शेवटी मी विचारलं, मॅच काय झाली? तर गडी जो सुटला, थांबायलाच तयार नाही.”

तेव्हापासून दर सोमवारी मॅच. काकूंचं नाव दोघंही काढत नसत. लहानपणी ती बापाबरोबर त्याच टीमच्या मॅचेस बघायला स्टेडियमात जायची, एवढं मात्र एकदा काकांच्या तोंडून निघून गेलं.

त्या वर्षी टीमचं काही खरं नव्हतं. रशियाच्या वरच्या लीगमध्ये कशीबशी चढलेली, आणि आता पार तळाशी. तळाशी राहिली की खालच्या लीगमध्ये रवानगी. खालच्या लीगच्या मॅचेस म्हाताऱ्या सासऱ्याच्या टीव्हीवर लागत नसत, मोबाईलवर बघणं त्याला जमत नसे, आणि गुडघ्यांमुळे स्टेडियमला एकट्याने जाणं सुटलेलं.

“म्हणजे मॅच बंद, की बोलणं बंद,” काका म्हणाले.

“अहो, जगात काय फुटबॉलच आहे का? तब्येत विचारा, हवापाणी विचारा!”

“डिसेंबरात तिथे बर्फामुळे लीग थांबते ना, तेव्हा विचारून बघितलंय. म्हणतो, मॅच नाही, मग फोन कशाला केलास? आणि ठेवून देतो.”

तो डिसेंबर मीही बघितला. इथे तेव्हा भर उन्हाळा, बाकी सगळे जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून, पोहायचे टॉग्ज पिशवीत टाकून बीचवर निघालेले आणि हे सोमवारी गाडीत बसून, समोर मुका फोन. मला तर चीड यायची. माणसाने इतकं एका दोरीवर लटकू नये, असं त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, “दुसरी दोरी सांग.”

मार्चमध्ये लीग परत सुरू झाली. टीम हरायची, मग ड्रॉ, परत हार. काका दिवसेंदिवस थकत चालले होते. “जिंकू दे असं मी म्हणतच नाही,” मालाचं पॅलेट ओढताना पुटपुटायचे, “ड्रॉ पण चालेल.” आणि शेवटच्या मॅचला हिशोब खरंच तिथेच येऊन थांबला. ड्रॉ झाली असती तरी टीम वाचत होती.

त्या सोमवारी मी अंथरुणातच स्कोअर बघितला. मी, बघा! शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला होता मेल्यांनी.

कार पार्कात पाऊस पडत होता. काकांच्या गाडीच्या काचा वाफेने धुरकटलेल्या. मी टकटक केलं, त्यांनी काच खाली केली. फोन मांडीवर पडलेला.

“उचलला का त्यांनी?”

“उचलला. म्हणाला, खालची लीग मी बघणार नाही. तू तुझं बघ. झालं.” मग फोन खिशात टाकत म्हणाले, “तिच्या घरचं माणूस तेवढंच होतं गं.”

शिफ्ट सुरू होत होती, आत जावं लागलं.

काही आठवड्यांनी काकांनी राजीनामा दिला. “खालच्या लीगचा सीझन सुरू होईल आता. त्याला कुणीतरी हाताला धरून न्यायला नको का?”

“वेडे झालात? तिथे लढाई चाललीय, तुमचं वय काय! आणि तुम्ही चाललात हे सांगितलंत तरी का त्यांना?”

“सांगितलं तर येऊ नको म्हणेल.”

सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जाऊन त्यांनी शेवेची पाकिटं घेतली. म्हाताऱ्याला चहाबरोबर शेव लागते म्हणे, सवय काकूंनी लावलेली.

नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. डेपोतली खूणही हळूहळू मागे पडली. नोव्हेंबरात अचानक एक फोटो आला. स्टेडियमच्या रिकाम्या बाकड्यांवर दोन म्हातारे, वरून बर्फ भुरभुरतंय, मधे शेवेचं पाकीट. काका जुन्या कोटात कुडकुडताहेत, आणि आमच्या फ्रीझरचं निळं जॅकेट सासऱ्याच्या अंगावर, हनुवटीपर्यंत चेन ओढून.

मी विचारलं, “काय झालं मॅचचं?”

उत्तर आलं, “चार-शून्य हरलो. पण म्हातारा शेवटपर्यंत उठला नाही.”

परवा मॅनेजर जुनं सामान तपासत होता. काकांचं जॅकेट परत आलेलं नाही, कुठे आहे, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, “आहे की. वापरात आहे.”