कोऱ्या बर्फावरचा माणूस

आमच्या बर्फाळ वस्तीवर विमान उतरल्याचा आवाज आला. अर्नातुकआजींना दक्षिणेच्या इस्पितळात न्यायला ते आलं होतं, आणि आजी छापखान्यातून हलायला तयार नव्हत्या. "परत येते न येते! माझ्या चित्राचा छाप बघूनच जाईन."

आजींची चित्रं कुठल्या कुठल्या शहरांत भिंतींवर लागलीत. लहानपणी सीलची कातडी बेतायच्या, तशीच रेघही मारायच्या: एकदाच, न खोडता. पाहुण्यांनी अर्थ विचारला की म्हणायच्या, "घुबड आहे. दिसत नाही?"

फक्त स्वतःच्या वडिलांचं चित्र काढलं की फाडून टाकायच्या. बर्फ फुटून ते समुद्रात गेले होते. आता नजर जाता जाता एक चित्र त्यांनी ठेवलं: कोऱ्या बर्फावर एकटा माणूस, उजवीकडे निघालेला. छापखान्याच्या दारातून पाहिलं की उघडं पाणी उजव्या हाताला आणि वस्ती डावीकडे. कुठे निघालाय, ते इथे पोरंटोरंही सांगतील.

छापासाठी ते दगडावर कोरलं कालिंगोने. आजींच्या पुतणीची ही मुलगी. तिला आजींच्या त्या वडिलांचं नाव दिलेलं, म्हणून आजी तिला 'बाबा' म्हणत आणि ती आजींना 'लेकी'. आमच्यात नावाबरोबर नातंही येतं.

मी शाई लावली, कागद ठेवून घासला. कालिंगोने तो उचलला आणि पांढरीफटक पडली. दगडावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा छाप सुलट येतो. घाईत हिने सुलटंच कोरलं होतं! छापातला माणूस डावीकडे चालला होता.

"फाडते," ती कुजबुजली. "शाई बिघडली म्हणून सांग ना."

"तूच सांग!" मला असा संताप आला. नवा दगड कोरायला महिना लागला असता, आणि आजींना विमानाकडे न्यायला आलेला गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

"काय खुसुरफुसुर चाललीये? बाबा, आण इकडे."

आजींनी कागदाला नाक टेकवलं. कालिंगो रडायलाच लागली. "चुकलं गं लेकी, उलटं झालं."

आजींचं बोट त्या माणसाच्या पायांपाशी थांबलं, मग हळूहळू डावीकडे कागदाच्या कडेपर्यंत गेलं. आता फाडणार, म्हणून मी डोळे मिटले.

"घराकडे येतायत," आजी म्हणाल्या. "मी मेली जन्मभर त्यांना पाण्याकडेच धाडत राहिले. पेन्सिल दे, सही करते."