साडूवर केलेलं रिटॅलिएशन

माझे सासरे, म्हणजे मामाजी, अकोल्याचे निवृत्त वकील. रोज सकाळी ते इंग्रजी पेपर उघडायचे आणि जो शब्द अडेल तो घेऊन मला अमरावतीला फोन लावायचे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो; तिथं मला कोणी काही विचारत नाही. म्हणजे दिवसाकाठी कुणाला माझी गरज लागायची ती एवढ्या फोनपुरतीच.

"जवाईबापू, अटॅक अन् असॉल्ट, फरक काय हाये?"

मी चहा बाजूला ठेवून सुरू व्हायचो. अटॅक हा मोकाट शब्द, कुठंही चालतो. आपल्याकडे तर तो माणसाला 'येतो'सुद्धा. असॉल्ट म्हणजे थेट अंगावर धावून जाणं, तो तुमच्या कोर्टातला. रेड म्हणजे अचानक घुसून, काम उरकून परत फिरणं. म्हणून ती शत्रूच्या छावणीवरही पडते आणि सराफाच्या दुकानावरही. "वा!" म्हणून मामाजी फोन ठेवायचे. त्या एका 'वा'वर माझी चारही लेक्चरं निघायची.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. साडू अकोल्यातलेच, कृषी विद्यापीठात कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करणारे. त्यांचं घर मामाजींच्या मागच्याच गल्लीत. सकाळचा चहा सासऱ्यांकडे. हळूहळू माझा फोन वाजेनासा झाला.

"बाबा आता त्यांनाच विचारतात," बायको मेथी निवडता निवडता म्हणाली.

"अळ्या पाळणारा माणूस इंग्रजी काय सांगणार?"

"प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक म्हणे फार छान सांगितलं. बोंडअळी यायच्या आधीच निंबोळी अर्क मारून ठेवायचा, तसं. बाबा शेजारीपाजारी सांगत फिरताहेत."

उदाहरण चांगलं होतं. वाईट असतं तर मला झोप लागली असती.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. दोन्ही जावयांना अकोल्याला जेवणाचं बोलावणं. हीच संधी, म्हटलं. बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून मी एकच शब्द घोटत होतो, रिटॅलिएशन, म्हणजे प्रतिहल्ला. मूर्तिजापूर जाईपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं: हा शब्द उच्चारला की सुरुवात समोरच्यानं केली, हे न सांगता सांगून होतं. म्हणून स्वतःच्या वाराला कोणी अटॅक म्हणत नाही. समोरची खिडकीपाशी बसलेली बाई माझे हलणारे ओठ पाहून जागा बदलून गेली.

पानं वाढली. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. मामाजींनी विषयही नेमका तोच काढला. "बाँब दोघंही टाकतात. मग पेपरवाले एकाच्याले अटॅक अन् दुसऱ्याच्याले रिटॅलिएशन काहून म्हनते?"

विचारलं, पण साडूकडे बघून.

मी घास गिळेपर्यंत साडू म्हणाले, "सोपं आहे, मामाजी. ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, तो म्हणतो सुरुवात अळीनं केली."

सगळी पंगत हसली. माझं मूर्तिजापूरपर्यंतचं भाषण त्यांनी एका वाक्यात उडवलं होतं, तेही वरणभात कालवता कालवता.

आता माझ्याकडे एकच शस्त्र उरलं, जावयाचा रुसवा. जावई पानावर रुसला की सासरचं घर हलतं, असं मी लहानपणापासून पाहत आलो. मी ताट पुढं सारलं. "मला धोंडे नकोत."

"अगं बाई, पोट बिघडलं काय? बडनेऱ्याले उघड्यावरचं खाल्लं असंन!" मामीजी धावल्या. समजूत काढायला नव्हे, ओवा आणायला. क्षणात माझं ताट उचललं गेलं आणि समोर मुगाची मऊ खिचडी आली, बिनतुपाची. माझे धोंडे साडूंच्या पानात गेले. ते "नको, नको" म्हणत राहिले आणि खात राहिले.

हात धुताना मामाजींनी मला गाठलं. "पोट ठणठणीत हाये तुमचं. रुसले काहून?"

"मी फक्त उत्तर दिलं, मामाजी. रिटॅलिएशन."

"बरं. पयला वार कोनं केला?"

मी साडूवरचे आरोप मनात मांडून पाहिले. लग्न केलं. जवळ राहिले. उदाहरण चांगलं दिलं. एकही टिकेना.

"केस उभीच राहत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली.

अमरावतीला आल्यावर मी दोन दिवस फोनकडे बघून काढले. मग अभिमान गुंडाळून मीच लावला. "मामाजी, आजच्या पेपरात रिटॅलिएशनसारखाच रिप्रायझल असा एक शब्द आलाय. मला नीट उलगडत नाही. तुम्ही काय म्हणता?" इंग्रजीच्या मास्तराला शब्द अडला म्हटल्यावर म्हातारा खूश होईल, रोज बोलेल, असा माझा कावा.

मामाजी खरंच खूश झाले. "अरे वा! थांबा जवाईबापू, फोन ठेवू नका," ते म्हणाले. "इथंच चहा पिऊन राह्यले ते. विचारून सांगतो."