पेला दारापाशी जातो तेव्हा

चर्चमध्ये तुम्ही कुठे बसता, आणि तिथेच का?

आमच्या गावच्या छोट्या मेथडिस्ट चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात. त्यासाठी काळ्या मनुका उकळून रस काढते खालच्या आळीतली सरूबाई. सतरंजीवर ती बसते मात्र शेवटी, दारातल्या चपलांजवळ. आम्ही वरच्या आळीतले पुढे बसतो. पेला एकच, आणि तो पुढून मागे जातो. त्यामुळे सरूबाईनंतर प्यायची वेळ आमच्यावर कधी येत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, असं आम्ही म्हणतो.

परवाच्या रविवारी नवे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पेला घेऊन थेट दाराकडे निघाले.

"पाळकसाहेब, सुरुवात इकडून असते," माझी आत्या म्हणाली.

"रस कुणी काढला, मावशी?"

"सरूनं. तिच्यासारखा कुणाला जमतोय?"

"मग पहिला घोटही तिचाच."

सरूबाईनं दोन्ही हातांनी पेला धरला. पिण्याआधी तिनं आत्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पेला पुढे आला, तेव्हा आत्यानं ओठ न लावताच तो माझ्या हातात दिला. आपण एकाच बापाची लेकरं, हे गाताना तिचाच आवाज सर्वांत मोठा असतो.

मी प्यालो. रस नेहमीसारखाच गोड होता.

येत्या रविवारी तुमच्या चर्चमधल्या सरूबाईच्या मागे, चपलांजवळ जाऊन बसा.