काचेच्या पेटीतली सवत

सवत असावी तर निदान दोन पायांची तरी असावी. माझी सवत बोटभर लांबीची होती. मेहकरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत ती राहायची.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. अमडापूरकडच्या एका तलावात तिलापिया नावाचे परदेशी मासे नव्यानं सोडले होते. त्यातली एक जोडी यांनी बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून एस.टी.नं घरी आणली. लग्नानंतर मी याच गाडीनं आले, तेव्हा माझी ट्रंक माझ्याच मांडीवर होती.

काही दिवसांनी नर काळा पडला आणि त्यानं तोंडानं वाळू उकरून खळगा केला. मादीनं त्यात अंडी घातली आणि लगेच एकेक करून तोंडात घेतली. मला कोण आनंद झाला!

"पाहा, तुमच्या लाडकीनं स्वतःचीच अंडी खाल्ली!"

"खाल्ली नाही व, तोंडात सांभाळून राह्यली," हे हसले. "पिल्लं पोहाले लागेपर्यंत आता ती काही खात नाही."

मग नराला वेगळ्या घमेल्यात हलवलं आणि तिच्यासाठी एक वही आली. शाळेतून आले की हे चप्पल न काढताच पेटीसमोर बसायचे. गालफडं फुगली, पोट खपाटीला गेलं, सगळं वहीत. मी नुसती जळत होते. कारण त्याच दिवसांत माझ्याही पोटात अन्न ठरत नव्हतं. भाकरीचा वास आला की मी मोरीकडे धावायची. परत आले की हे विचारायचे, "तिचं पाणी बदललं का?"

नवव्या दिवशी हे म्हणाले, "काय माय आहे पाह्य! नऊ दिवसांची उपाशी!"

"मी बी चार दिवसांची उपाशी आहे. मले कोणत्या वहीत लिहिता?"

"तू काऊन उपाशी?"

मी पेटीतल्या तिच्याकडे बोट दाखवलं. यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विज्ञानाच्या मास्तरला कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तसेच बाहेर गेले आणि पिशवीभर लिंबं घेऊन आले.

त्या गडबडीत पेटीचं पाणी राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी ते मीच बदललं, हळूहळू, तिला धक्का न लावता.

पुढे आम्हाला लेक झाली, लेकीला लेकरं झाली. माझ्या नावाची वही मात्र अजून निघालेली नाही.