खाणीच्या मनोऱ्यावरचं चाक

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. तरी जुन्या दिवसांचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी एका लोखंडी चाकाची चोरी आठवते. त्यातल्या माणसांची नावं मी इथे लिहिणार नाही. गावाचंही नाव सांगत नाही, वणीकडचा कोळशाचा पट्टा एवढं पुरे.

मी तिथे ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत इंग्रजांच्या काळातली, पुढे बंद पडलेली एक कोळसा खाण होती. खाणीत उतरायला विहिरीसारखा उभा खड्डा असतो आणि त्याच्यावर लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या माथ्यावरच्या दोन मोठ्या चाकांवरून पोलादी दोर जायचा, त्याला डोली बांधलेली असायची. माणसं डोलीतून खाली उतरायची आणि डोलीतूनच वर यायची. खाण बंद झाल्यावर कोळसा कंपनीने खड्ड्याचं तोंड सिमेंटने बुजवलं. मनोरा आणि चाकं तेवढी राहिली. दोन कोसांवरून दिसायची ती. वाटसरूला रस्ता सांगतानाही लोक म्हणायचे, "चाकाच्या उजव्या अंगानं जा."

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपली होती आणि मी बंदोबस्ताची वाटणी करत होतो. दारात एक म्हातारी उभी होती. ठाणे अंमलदाराने तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. मी आत बोलावलं.

"साहेब, आमचं चाक नेलं जी," ती म्हणाली.

मला वाटलं बैलगाडीचं. विचारल्यावर कळलं, मनोऱ्याच्या दोन चाकांपैकी एक. क्रेन आणि ट्रक घेऊन माणसं आली होती, भर दुपारी. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारी जाकिटं. गावाला वाटलं कंपनीचं काम आहे. आजी मनोऱ्याजवळच्या जुन्या कामगार वस्तीत राहायच्या. त्यांनी जाऊन विचारलं तर मुकादमासारखा दिसणारा माणूस म्हणाला, चाक रंगवायला नेतो आहोत, रंगवून परत बसवू.

"मले लय बरं वाटलं," आजी म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कोनाले तरी सुचलं म्हटलं. मी त्याइले घरचं पानी आनून पाजलं."

पुष्कळ दिवस वाट पाहून त्या कंपनीच्या कार्यालयात गेल्या. तिथे कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी कार्यालयात फोन लावला. अधिकारी सभ्य होते, पण म्हणाले, "साहेब, तो मनोराच भंगारात काढायचा प्रस्ताव आहे. एका चाकासाठी तक्रार कोण देत बसणार?"

फोन ठेवून मी आजींना विचारलं, "बाई, चाक कंपनीचं. तुम्ही कायले त्रास करून घेता?"

त्या म्हणाल्या, "माहा मालक खालीच हाये, साहेब. पानी घुसलं त्या दिवशी गेलता, तो वर आलाच नाही. त्याच्यासंगं गेलेले बाकीचेबी नाही आले. आमाले हाडं भेटली नाहीत, राख भेटली नाही. जाळाले, पुराले आमच्यापाशी काहीच नोहतं. ते चाक हाये तेवढंच."

वस्तीतली घरं वर्षातून एकदा मनोऱ्याच्या पायाशी जमायची. कोणी मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायचं, कोणी नारळ फोडायचं, आंध्रातून आलेल्या कामगारांची घरं हळदकुंकू वाहायची. हे सगळं माझ्या हद्दीत होत होतं आणि मला त्याची खबर नव्हती.

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतं, त्यासाठी मालकच यावा लागतो असं नाही. मी आजींच्या खबरीवरून चोरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. अंगठा देताना त्यांनी विचारलं, "भेटल ना जी?" मी म्हणालो, "पाहतो." पोलिसाने याहून जास्त वचन देऊ नये.

घटनास्थळाचा पंचनामा केला. नटबोल्ट गॅसकटरने कापलेले होते, म्हणजे काम सवयीच्या हातांचं होतं. आमच्या पथकाने भंगारवाले पालथे घातले, क्रेनमालकांकडे चौकशा केल्या. काही हाती लागेना.

खबर आली ती भलत्याच वाटेने. जवळचा एक शेतकरी आपली तक्रार घेऊन ठाण्यात आला. कोणाची तरी क्रेन वळताना त्याच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेली होती आणि तुरीच्या ओळी चिरडल्या होत्या.

"मी त्याले म्हटलं, भरपाई दे. तो थांबलाच नाही. मंग मी फोटो काढून ठेवला," असं म्हणत त्याने मोबाईल पुढे केला.

फोटोत क्रेनचा नंबर स्पष्ट होता. मागच्या ट्रकवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली एक मोठा गोल आकार. मी जमादाराकडे पाहिलं. तो उठून टोपी घालतच बाहेर पडला.

क्रेनचालक दारव्ह्याकडचा, तिशीतला. ठाण्यात आणला तेव्हा त्याचं एकच पालुपद होतं: ठेकेदाराने बोलावलं, मी गेलो, बाकी काही माहीत नाही. ठेकेदार फरार होता. चाक वितळलं असतं तर पुढे गुन्ह्यात काही राहिलं नसतं, म्हणून मला घाई होती. पण घाई दाखवली की समोरचा सावध होतो. मी त्याला चहा दिला आणि चोरीबद्दल काहीच न विचारता विचारलं, "एवढं जड चाक एवढ्या उंचावरून उतरवलंस कसं?"

कामाचं विचारलं की कसबी माणसाची जीभ सुटते. पट्टे कुठे बांधले, वारा कुठल्या बाजूने होता, सगळं तो सांगू लागला. सांगता सांगता थांबला.

"बोल्ट कापले तसं ते फिरलं, साहेब. एवढं गंजलेलं, तरी आपोआप अर्धा फेरा फिरलं. खाली एक म्हातारी हात जोडून उभी होती. तिनंच आमाले पानी पाजलं. ती कोन होती?"

मी सांगितलं. तिचा नवरा कुठे आहे तेही सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ऑर्डर कुठं हाये म्हनून मी ठेकेदाराले विचारलं नाही. विचारलं असतं तं काम गेलं असतं. चाक घाटंजीच्या रस्त्यावर हाये, एका गोदामात. अजून असल तं आताच चला."

आम्ही पोचलो तेव्हा चाकाच्या दोन आऱ्या कापून झाल्या होत्या आणि कटरवाला जेवायला बसला होता. त्याची भाकर संपायला वेळ लागला, त्याचे मी आजही मनात आभार मानतो. ठेकेदार पुढे पुसदला नातेवाइकाकडे सापडला. क्रेनचालक खटल्यात साक्षीदार झाला.

चाक मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात, लिंबाखाली ठेवलं. जमादार त्यावर पांढऱ्या रंगाने गुन्हा क्रमांक टाकायला निघाला, तेव्हा आजींनी त्याचा हात धरला. मग त्याने क्रमांकाची पट्टी तारेने बांधली. वस्तीतल्या बाया येऊन चाकावर फुलं ठेवून जाऊ लागल्या. आमचे शिपाई कोणी न सांगता रोज तेवढी जागा झाडायचे.

न्यायालयाच्या आदेशाने चाकाचा ताबा कंपनीला द्यायचा होता. सुपुर्दनाम्यावर सही करायला फोनवर बोललेले तेच अधिकारी आले. मी आजींना बोलावून घेतलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली ती उभ्याने, पुढे खुर्ची ओढून बसले. जाताना त्यांनी चाक नेलं नाही. "काही दिवस इथेच राहू द्या, मी वर बोलतो," म्हणाले. ते बोलत राहिले, ग्रामपंचायतीने ठराव केला, आणि पुष्कळ खेट्यांनंतर मनोरा भंगारातून वगळून जतनासाठी गावाकडे दिला गेला.

आऱ्या जोडून झाल्यावर चाक वर चढवायला क्रेन हवी होती. क्रेनचालक स्वतः ठाण्यात आला. "मीच उतरवलं, मीच चढवतो. डिझेलबी माहंच," एवढंच बोलला.

सगळी वस्ती जमली होती. चाक जागेवर बसलं, वेल्डरने हात हलवून खूण केली. क्रेनचालक खाली उतरून गाडीच्या आडोशालाच उभा राहिला. आजी काठी टेकत त्याच्याकडे गेल्या.

"नीट बसलं ना रे?"

"बसलं, माय."

"मंग इकडं काहून उभा? चाल, सारे जेवाले बसून राह्यले."

तो त्यांच्या मागून निघाला आणि वस्तीतल्या पंगतीत मान खाली घालून जेवला. आजींनी त्याला आग्रह करून वाढलं.

त्या गुन्ह्याने मला एक गोष्ट शिकवली. फिर्यादीत गेलेल्या मालाची किंमत लिहायची असते, पण गेलेल्या वस्तूने तक्रारदाराचं काय काय धरून ठेवलं होतं, ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. पुढे प्रत्येक ठाण्यात मी माझ्या माणसांना सांगत आलो: आधी खुर्ची द्या, मग विचारा काय गेलं. आजी ठाण्याची पायरी चढल्या, एका शेतकऱ्याने तुरीसाठी भांडण केलं आणि एका क्रेनचालकाला पाण्याची आठवण राहिली. तपासाचं श्रेय कागदावर माझ्या नावे लागलं, पण मी या तिघांचा ऋणी आहे.

आजी आता नाहीत. मनोऱ्याच्या पायाशी गावाने एक दगडी पाटी बसवली आहे, तिच्यावर खाली राहिलेल्या माणसांची नावं आहेत. वणीला जाताना मी गाडी थांबवतो आणि ती नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो.